कागदी रुमालावरचा झेंडा

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या दुकानात शिरले की एकदा तरी थबकतात. तोंड पुसून फेकून द्यायच्या कागदी रुमालांवर झेंडा. जेवून टाकून द्यायच्या बशांवर झेंडा. पोहायच्या चड्डीवर, कुत्र्याच्या पट्ट्यावर, केकच्या क्रीमवरही झेंडाच. आपल्याकडे राष्ट्रध्वज कमरेखालच्या कपड्यावर मिरवला तर १९७१ च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तिथे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बरं, हे लोक झेंड्याबाबत बेफिकीर म्हणावेत, तर तसंही नाही. घरांसमोर तो बारा महिने फडकत असतो. शाळेत नातू सकाळी छातीवर हात ठेवून त्याच झेंड्यासमोर निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतो. बेसबॉलचा साधा सामनाही राष्ट्रगीताशिवाय सुरू होत नाही. आणि याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये भर निदर्शनात झेंडा जाळणाऱ्या माणसाची शिक्षा रद्द केली.

गंमत अशी की ध्वजसंहिता अमेरिकेतही आहे. कागदी रुमालांवर झेंडा छापू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. छापला तर शिक्षा काय, ते मात्र लिहिलेलं नाही. आदर कसा दाखवावा हे सरकार सांगतं, पण दाखवलाच पाहिजे अशी सक्ती करत नाही. ही सक्ती का नाही, हे कळलं की अमेरिकन असणं म्हणजे काय याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं बरंच कडवट आहे.

शपथ कोणाच्या नावाने?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो ती राज्यघटनेचं जतन आणि रक्षण करण्याची. सैनिक घेतो ती राज्यघटनेच्या पाठीशी उभं राहण्याची. लष्करी अधिकाऱ्याच्या शपथेत तर राष्ट्राध्यक्षाचा उल्लेखही नसतो. नव्याने नागरिक होणारा माणूस आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडतो आणि घटनेशी व कायद्यांशी बांधील होतो. मातीशी, भाषेशी, धर्माशी किंवा नेत्याशी निष्ठा कोणी मागत नाही.

याचं कारण १७७६ मध्ये आहे. तेरा वसाहतींनी ज्या राजाविरुद्ध बंड केलं, तो परका नव्हता. बहुसंख्य बंडखोरांचं रक्त इंग्रजी, भाषा इंग्रजी, धर्म प्रोटेस्टंट. शत्रूही तोच. ‘आम्ही वेगळे आहोत’ असं म्हणायला वंश, भाषा, धर्म यांपैकी काहीच उपयोगाचं नव्हतं. मग त्यांनी वाद घातला तो कराराचा: राज्यकर्ता लोकांच्या संमतीने राज्य करतो, राजाने ती संमती मोडली, म्हणून आम्ही मोकळे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा बराचसा राजाविरुद्धच्या तक्रारींची यादीच आहे. पुढे १७८७ मध्ये लिहिलेल्या घटनेत सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं कलमही आलं.

एकत्र कुटुंब आणि हाउसिंग सोसायटी यांत जो फरक, तोच इथे आहे. कुटुंबात आपण जन्माने असतो आणि तिथे थोरल्यांना उलट बोलणं हाच मोठा गुन्हा असतो. सोसायटीत शेजारी कुठून आला, देव्हाऱ्यात काय ठेवतो, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना बांधतात ते उपविधी. वार्षिक सभेत अध्यक्षांच्या हिशेबावर तुटून पडणाऱ्याचं सभासदत्व त्यामुळे जात नाही. हिशेब मागण्याचा हक्क त्याला उपविधींनीच दिलेला असतो.

अमेरिकेने स्वतःची कल्पना अशी केली, निदान कागदावर. प्रत्यक्षात हा देश म्हणजे एक कुटुंब, तेही गोरं, प्रोटेस्टंट आणि इंग्रजी बोलणारं, असं मानणारे अमेरिकन पहिल्यापासून होते आणि आजही आहेत. या दोन समजुतींची ओढाताण हाच त्या देशाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे.

शाळेतली प्रतिज्ञा

आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला जशी प्रतिज्ञा असते, तशीच अमेरिकेतल्या शाळांत झेंड्याची प्रतिज्ञा असते. ती १८९२ मध्ये लिहिली फ्रान्सिस बेलामी या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने. तो समाजवादी होता, हे आज प्रतिज्ञेवरून गळा काढणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. ज्या मुलांच्या साप्ताहिकात ती छापली गेली, ते शाळांना झेंडे विकण्याची मोहीमही चालवत होतं. देशप्रेम आणि दुकानदारी तिथे पहिल्यापासून हातात हात घालून आली.

मूळ मजकुरात ‘माझा झेंडा’ असं होतं. १९२३ मध्ये ते बदलून अमेरिकेचं नाव घातलं, कारण नव्याने आलेल्या स्थलांतरितांची मुलं मनात आपल्या जुन्या देशाचा झेंडा आणतील, अशी भीती होती. ‘ईश्वराच्या छत्राखाली’ अशा अर्थाचे शब्द १९५४ मध्ये, साम्यवादी रशियाशी शीतयुद्ध पेटलेलं असताना आले. आणि छातीवर हात ठेवायची पद्धत? ती १९४२ ची. त्याआधी मुलं झेंड्याकडे उजवा हात लांबवून सलामी देत. ती हिटलरच्या सलामीसारखी दिसू लागली, तेव्हा बदलावी लागली.

ही सलामी ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या मुलांना मान्य नव्हती. देवाखेरीज कशालाही वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावात १९३५ मध्ये बारा वर्षांची मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ सलामीला नकार देऊन गप्प उभे राहिले आणि शाळेतून काढले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून १९४० मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल मुलांच्या विरोधात लागला. राष्ट्रीय ऐक्य हा सुरक्षिततेचा पाया आहे, तेव्हा शाळा सलामीची सक्ती करू शकते, असं न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं. ते स्वतः व्हिएन्नात जन्मलेले स्थलांतरित होते. ज्याला या देशाने सामावून घेतलं, त्याला झेंड्याचं मोल अधिक वाटावं, हे समजण्यासारखं आहे. निकाल तरी चुकीचाच होता.

त्याचा परिणाम लगेच दिसला. या पंथाच्या लोकांवर गावोगाव जमाव चालून गेले. मेन राज्यातल्या केनेबंक इथे त्यांचं प्रार्थनास्थळ पेटवलं गेलं. न्यायालयाने ‘सक्ती चालेल’ म्हटलं आणि जमावाने त्याचा अर्थ ‘ठोकून काढलं तरी चालेल’ असा घेतला.

तीन वर्षांनी न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनियातल्या तशाच खटल्यात, १४ जून १९४३ रोजी, सहा विरुद्ध तीन मतांनी सक्ती घटनाबाह्य ठरली. १४ जून हा तिथला ध्वजदिन. महायुद्ध ऐन भरात होतं, हेही लक्षात घ्यावं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन पुढे न्यूरेंबर्ग खटल्यात नाझी नेत्यांविरुद्ध मुख्य अमेरिकन अभियोक्ता झाले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: राजकारणात, धर्मात किंवा देशप्रेमात कोणतं मत योग्य हे सरकारी अधिकारी, मग तो कितीही मोठा असो वा छोटा, ठरवू शकत नाही, आणि ते मत नागरिकाच्या तोंडून वदवूनही घेऊ शकत नाही. मूलभूत हक्क मतदानाला टाकायचे नसतात, बहुमताच्या हाताबाहेर ठेवण्यासाठीच ते घटनेत लिहिलेले असतात.

हा निकाल आपल्याकडेही पोचला. केरळमधल्या शाळेने याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून काढलं होतं. मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांच्या लेखणीतून, त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. त्या निकालपत्रात वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्याची चर्चा आहे.

झेंडा जाळला, मग?

गप्प उभं राहणं एक, झेंडा जाळणं वेगळं. १९८४ मध्ये डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलेलं असताना ग्रेगरी ली जॉन्सन नावाच्या निदर्शकाने झेंड्यावर रॉकेल ओतून तो पेटवला. टेक्सास राज्याच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड ठोठावला. तेव्हा पन्नासपैकी ४८ राज्यांत झेंड्याच्या विटंबनेविरुद्ध कायदे होते.

सर्वोच्च न्यायालयाने विचार टप्प्याटप्प्याने केला. पहिला प्रश्न: जाळणं हे ‘बोलणं’ आहे का? हो, कारण बघणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काय म्हणायचंय ते कळत होतं. दुसरा: कोणाला इजा झाली का, दंगल उसळली का? नाही, लोक फक्त संतापले. तिसरा प्रश्न खरा कळीचा. राज्य शिक्षा कशाची देतंय, जाळण्याची की जाळण्यामागच्या मताची? इथे ध्वजसंहिताच उपयोगी पडली. फाटका, जुना झालेला झेंडा सन्मानाने, शक्यतो जाळूनच नष्ट करावा, असं तिच्यात म्हटलंय. म्हणजे तेच कापड, तीच काडी. आदराने पेटवली तर कर्तव्य, रागाने पेटवली तर गुन्हा. मग शिक्षा रागालाच झाली ना? आणि सरकारवरच्या रागाला शिक्षा नाही, हे तर पहिल्या घटनादुरुस्तीने १७९१ मध्येच सांगून ठेवलेलं.

१९८९ मध्ये शिक्षा रद्द करणारा हा निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता. त्या पाचांत कट्टर परंपरावादी न्यायमूर्ती स्कॅलियाही होते. आपण राजा असतो तर झेंडा जाळणाऱ्यांना तुरुंगात टाकलं असतं, पण आपण राजा नाही, असं ते पुढे भाषणांत सांगत. मला या सगळ्या प्रकरणात हे सर्वांत अमेरिकन वाटतं.

लोक खवळले. काँग्रेसने त्याच वर्षी केंद्रीय कायदा केला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तोही रद्द केला. उरला घटनादुरुस्तीचा मार्ग. त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. प्रतिनिधिगृहात ही दुरुस्ती अनेकदा संमत झाली. सिनेटमध्ये २००६ साली ६६ मतं पडली, लागत होती ६७. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी झेंडा जाळणाऱ्यांवर इतर कायद्यांखाली कठोर कारवाईचा आदेश काढला, पण १९८९ चा निकाल एखाद्या आदेशाने पुसता येत नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. पहिली घटनादुरुस्ती हात बांधते ते फक्त सरकारचे. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून पोलिसी अत्याचारांचा निषेध करणारा फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक २०१६ च्या हंगामानंतर कोणत्याही संघाकडून खेळला नाही. त्याला तुरुंग झाला नाही, होणारही नव्हता. पण संघमालकाने त्याला खेळवलंच पाहिजे, असं घटनेत कुठे लिहिलंय? आपल्याकडे अमेरिकेचं कौतुक करणारे नेमकं हे विसरतात. शेजारी, मालक आणि गिऱ्हाईक यांच्याकडून होणारी शिक्षा तिथे भरपूर आहे.

‘आम्ही लोक’ म्हणजे कोण?

आता कडवट निम्मं. सर्व माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम माणसं होती. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होण्याची मुभा दिली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही.

त्याच्या पाच वर्षं आधी, ५ जुलै १८५२ रोजी, गुलामीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस रॉचेस्टर शहरात भाषणाला उभा राहिला. तुमचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या दृष्टीने निव्वळ ढोंग आहे, हे त्याने यजमानांच्या तोंडावर सुनावलं. पण त्याच भाषणात त्याने घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटलं. कागद फाडला नाही, पुढे धरला: लिहिलंय ना, मग द्या. वगळलेल्या प्रत्येक समूहाने पुढे हीच वाट धरली, आणि माझ्या मते अमेरिकन देशभक्तीचा अस्सल नमुना हाच. झेंडे लावणाऱ्यांपेक्षा हे हिशेब मागणारे त्या कागदाशी अधिक प्रामाणिक राहिले.

यादवी युद्धानंतर गुलामी गेली. त्याची दखल पुण्यातही घेतली गेली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा, या आशेने.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ठरवलं की अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला माणूस तिचा नागरिक आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कला चीनहून परतताना बंदरावर अडवलं गेलं, तेव्हा तो याच वाक्याच्या आधारे लढला आणि १८९८ मध्ये जिंकला. त्याच्या आईबापांना मात्र नागरिक होण्याची सोय कायद्यात नव्हती.

बाहेरून आलेल्यांसाठी ‘गोरा’ ही अट कायम होती. १८७० मध्ये तिच्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई बाहेरच राहिले. मग गोरा कोण, हे न्यायालयांना ठरवत बसावं लागलं आणि तिथे त्यांची चांगलीच फजिती झाली. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी वंशाच्या ताकाओ ओझावाला सांगितलं गेलं: गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू नाहीस. पंजाबातून आलेला भगतसिंग थिंद म्हणत होता, शास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात, मग मी गोरा. तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांच्या लेखणीतून, सांगितलं: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुला गोरा समजत नाही. तीन महिन्यांत कसोटी बदलली! सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. त्यांत एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे: सखाराम गणेश पंडित. ते १९१४ पासून नागरिक होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत. त्यांनी स्वतःचा खटला लढवला. गोऱ्याकाळ्याच्या वादात शिरण्याऐवजी त्यांनी सरकारला विचारलं की तुमच्याच न्यायालयाने दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी व्यवसाय उभा केला, मालमत्ता घेतली, लग्न केलं. आता ते मागे कसं घेता? ते जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला आणि बाकीच्या भारतीयांवरचे खटले सरकारने सोडून दिले. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा कायद्याने मिळाली ती १९४६ मध्ये, तीही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाची मर्यादा घालून. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गणपती बसवणारी बहुतेक मराठी घरं १९६५ च्या कायद्याने ही जुनी दारं उघडल्यानंतरची आहेत.

चौकट: नागरिक होण्याची वाट

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं, नागरिकाशी लग्न झालं असेल तर तीन वर्षं थांबावं लागतं. मग इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा. ऑक्टोबर २०२५ च्या उत्तरार्धापासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यांतले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. शेवटी शपथ.

कायद्याने सांगितलं तर शस्त्र हाती घेईन, असं शपथेत म्हणावं लागतं. हंगेरीतून आलेल्या रोझिका श्विमर या शांततावादी बाईंनी हे म्हणायला नकार दिला म्हणून १९२९ मध्ये त्यांचं नागरिकत्व नाकारलं गेलं. १९४६ मध्ये न्यायालयाने ती भूमिका सोडली. आता धर्मश्रद्धेमुळे शस्त्र न धरणाऱ्यांना सूट मिळते.

अमेरिकेचं नागरिकत्व घेताच भारताचं संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि हवं तर ओसीआय कार्ड घेता येतं. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही.

भीती वाटते तेव्हा

नागरिकांचे हक्क राखणाऱ्या या घटनात्मक यंत्रणेचा मोठा दोष असा की नेमकी गरज असते तेव्हाच ती अडखळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ओहायोत युद्धविरोधी भाषण केल्याबद्दल समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली. नऊ लाखांहून अधिक मतं पडली.

दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी १९४२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत टिपलेल्या छायाचित्रात अशाच मुली छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणताना दिसतात. थोड्याच दिवसांत त्यांची रवानगी झाली. सलामीची सक्ती मोडून काढणाऱ्या न्यायालयानेच दीड वर्षाने, १९४४ मध्ये, ही हकालपट्टी वैध ठरवली. जॅक्सन विरोधात गेले, पण अल्पमतात राहिले. सरकारची माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर, हे १९८८ मध्ये. तोवर डांबलेल्यांपैकी अनेक जण वारले होते.

कोण अमेरिकन, हा वाद आज पुन्हा चौदाव्या दुरुस्तीवर येऊन ठेपलाय. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मिळणार नाही. कायदेशीर व्हिसावर राहणारी जोडपीही यात येतात, म्हणजे एच-१बीवर गेलेले पुण्या-नागपूरचे अभियंतेसुद्धा. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपलं कोणी तिथे असेल, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अंदाजांपेक्षा चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचं पहिलं वाक्य मुळातून वाचावं. अख्खं भांडण तेवढ्याच ओळीवर आहे.